फिफ्टीन की फिफ्टी

संध्या मढवीच्या कागदावर लाल पेनाने अकरा गोल मारलेले होते आणि वैजयंती मॅडम तो कागद तिच्या टेबलावर ठेवून नुसत्या उभ्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

"हा बघ," शेवटी त्यांनी एका गोलावर बोट ठेवलं. "डॉक्टर म्हणतोय फिफ्टीन मिलिग्रॅम. तू लिहिलंयस फिफ्टी. पंधराच्या जागी पन्नास. पेशंट तिकडे सातासमुद्रापार आहे म्हणून काय झालं, मरायचं त्याने?"

"मॅडम, ऐकूच येत नाही नीट. हा हेडफोन..."

"सगळ्यांना हेच हेडफोन आहेत, संध्या."

ते खरं होतं आणि तेच तर दुखणं होतं. १९९९ सालचा मार्च महिना. महाप्याच्या एमआयडीसीत, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर हे ऑफिस सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. काम असं, की अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची हकिगत तोंडी बोलून ठेवायचे. ती बोलणी कॉम्प्युटरवरून महाप्याला यायची आणि इथल्या तीस-पस्तीस मुली कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने आवाज पुढेमागे करत, ते सगळं टाइप करून परत पाठवायच्या. संध्या झूऑलॉजी घेऊन बीएस्सी झालेली. लग्नानंतर चार वर्षं घरात काढून, सहा महिन्यांचा कोर्स करून ती इथे लागली होती. तीन महिने उमेदवारीचे. ते संपताना शंभरात अठ्ठ्याण्णव शब्द बरोबर यायला हवेत ही अट. ती पंच्याण्णव-शहाण्णववर घुटमळत होती आणि उमेदवारी एकतीस मार्चला संपत होती.

तिच्या वाट्याला आलेल्या हेडफोनचा स्पंज केव्हाच झडून गेला होता. उजवी बाजू मान वळवली की बंद पडायची, डाव्या बाजूला सारखं घूं घूं चालायचं. वायर एका ठरावीक कोनात बोटाने धरून ठेवली की दोन्ही बाजू बोलायच्या. पण मग टाइप करायला एकच हात उरायचा. तिने दोनदा तक्रार केली होती. पहिल्यांदा 'बघू' असं उत्तर आलं, दुसऱ्यांदा चिकटपट्टी आली.

"स्वतःचा आणायचा असेल तर आण," वैजयंती मॅडम थोड्या मऊ आवाजात म्हणाल्या. "माझी ना नाही. पण एकतीसनंतर माझ्या हातात काही नाही, एवढं लक्षात ठेव."

घणसोली गावात मढव्यांचं घर दोन गल्ल्यांच्या मधोमध होतं. खाली स्वतःला राहायला तीन खोल्या, वर भाडेकरूंना दिलेल्या चार. नवरा प्रसाद रेती-विटांचा पुरवठा करायचा आणि त्याचा जीव होता घरातल्या म्युझिक सिस्टीमवर. कमरेएवढे दोन स्पीकर, ते लावले की मांडणीवरची ताटं थरथरायची. संध्याने संध्याकाळी हेडफोनचा विषय काढला तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला की तिला तिथेच धोका ओळखायला हवा होता. बायकोने त्याच्या आवडीची वस्तू एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मागितली होती.

"हेडफोन? मग आपल्याला विचार ना! टेन्शनच नको. उद्या वाशीला जाऊ, एक नंबर पीस घेऊ."

"मला साधा हवाय. फक्त बोलणं स्पष्ट ऐकू यायला पाहिजे."

"साधा कशाला? घ्यायचाय तर भारीतला घे."

वाशीच्या दुकानात एसी होता, काचेची कपाटं होती आणि टाय लावलेला एक विक्रेता होता, जो पूर्ण वीस मिनिटं संध्याशी एक शब्दही बोलला नाही. 'काय दाखवू?' त्याने प्रसादला विचारलं. तिने उत्तर दिलं, तर त्याने प्रसादकडेच बघत मान डोलावली.

"सर, हा घ्या. मेगा बास. बघा फक्त."

त्याने एक दणदणीत गाणं लावलं आणि हेडफोन प्रसादच्या डोक्यावर चढवला. प्रसादचे डोळे मिटले. मान हलायला लागली. "आयला!" तो दुकानभर ओरडला, कारण त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. "काय धमक आहे!"

"मला बघू द्या जरा."

तिच्या कानांवर ते दोन काळे वाडगे बसले आणि छातीत कोणीतरी बुक्क्या मारतंय असं वाटलं. तिने ते काढले.

"यात गाण्याऐवजी कोणी बोललेलं ऐकता येईल का? बातम्या वगैरे?"

विक्रेत्याने प्रसादकडे पाहिलं. "मॅडमना बातम्या ऐकायच्यात?"

"हिचं ऑफिसचं काम आहे," प्रसाद म्हणाला. "पण ज्यात गाणं एवढं ऐकू येतं, त्यात बोलणं नाही का ऐकू येणार? तूच सांग."

तिने सांगायचा प्रयत्न केला. आवाज मोठा नको, वेगळा पाहिजे. शेवटची अक्षरं कळायला पाहिजेत. ती बोलत असताना बिल झालं होतं.

सोमवारी ऑफिसात तिने मोठ्या आशेने तो मेगा बास डोक्यावर चढवला, पेडलवर पाय ठेवला आणि पहिलंच वाक्य दोनदा मागे नेऊन ऐकलं. डॉक्टर जणू रांजणात बसून बोलत होता. घुमारा तेवढा भरपूर. पण 'स' आणि 'फ' पार बुडालेले, शब्दांची शेपटं गायब. हायपो म्हणतोय की हायपर, देव जाणे. आणि ते वाडगे एवढे घट्ट, की कानातल्या कुड्या मागून मानेत रुतायला लागल्या. अकरापर्यंत तिने कळ सोसली, मग कुड्या काढून पर्समध्ये टाकल्या. मार्चचा उकाडा, ऑफिसातले पंखे कॉम्प्युटरच्या कृपेने गरम वारा सोडणारे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कानांवर घामोळं उठलं होतं. त्या दिवशी तेरा गोल.

घरी आली तर दारापुढच्या ओट्यावर सासू, सुमित्राबाई, सुका जवळा निवडत बसलेली. तिने सुनेकडे वर बघितलं आणि जवळ्यातला हात तसाच राहिला.

"काय गो, कुड्या कुटं गेल्या?"

"पर्समध्ये आहेत, आई. हेडफोनने टोचतात."

"टोचतान म्हनून कान भुंडं ठेवाचं? शेजारची काशी आताच रस्त्यान बघून गेली तुला. आता अख्ख्या आलीन सांगल, मडव्यांची सून भुंड्या कानानं फिरतं."

"सांगू दे, आई."

"तुला काय जातं सांगू दे बोलाला? माना ऐकाला लागतं."

संध्याने पर्समधून कुड्या काढून तिथेच उभ्याने कानात घातल्या. लाल झालेल्या पाळ्यांना त्या अशा झोंबल्या की डोळ्यांत पाणी आलं. आत जाऊन तिने प्रसादला सांगितलं, की हा चालत नाही, परत करा. तो दुसऱ्या दिवशी गेला आणि हसत परत आला. पॅकिंग फोडलेला माल दुकानदार परत घेत नव्हता. "जाऊ दे ना," तो म्हणाला, "वापरेन मी." आणि खरंच, त्या दिवसापासून तो जेवण झाल्यावर मेगा बास लावून खुर्चीत डोळे मिटून बसायला लागला. संध्याने हाक मारली तर त्याला ऐकू यायचं नाही. घरात ज्याला चांगल्या हेडफोनची अजिबात गरज नव्हती त्याला तो मिळाला होता.

दिवस चालले होते. एकवीस तारीख उलटली. ऑफिसातली एक म्हणाली, कान झाकणाराच घे. दुसरी म्हणाली, कानात खुपसायचा घे. तिसरीच्या भावाने सांगितलं होतं, की दोष हेडफोनचा नसतोच, कॉम्प्युटरचा असतो. संध्याने कानात खुपसायचा आणून पाहिला. तो दर दहा मिनिटांनी निसटून मांडीवर पडायचा आणि नेमका औषधाच्या नावाला पडायचा. तिने तो खणात टाकला आणि वर पेपरवेट ठेवलं, जणू तो पुन्हा बाहेर येईल.

मग मितेश मदतीला धावला. हा धाकटा दीर. उरणला कंटेनरच्या गोदामात कामाला होता आणि जगातली कुठलीही वस्तू आपल्याला उरणहून मिळू शकते असा त्याचा ठाम समज होता.

"वयनी, आनला तुझा हेडफोन!" शुक्रवारी तो दारातूनच ओरडला. "इंपोर्टेड. सील पॅक. अशी वस्तू वाशीला शोधून मिलनार नाय."

पाकीट खरंच सुरेख होतं. त्यावर परदेशी अक्षरं होती. हेडफोन हलका, निळसर, कानाला मऊ. संध्याला क्षणभर बरं वाटलं. मग तिने वायरचं दुसरं टोक बघितलं. तिथे एका पिनऐवजी शेजारी शेजारी दोन जाडसर नळकांडी होती.

"मितेश, हे कुठे लावायचं?"

त्याने पाकीट उलटंपालटं केलं. "आसंल कायतरी. पिन बदलून घेऊ. त्यात काय! कोपरखैरण्याला धर्मराज हाय ना, रेडिओवाला. दोन मिंटात करून देईल."

शनिवारी दुपारी मितेशच्या स्कूटरवरून दोघं कोपरखैरण्याला गेली. धर्मराजचं दुकान म्हणजे अर्धा गाळा; आत रेडिओंची हाडं-कातडी लटकवलेली आणि मधोमध साठीचा एक रुंद माणूस चष्मा कपाळावर ठेवून बसलेला. नौदलात बावीस वर्षं वायरलेसवर काढून तो मूळ गावी, साताऱ्याकडे, न जाता इथेच राहिला होता. त्याने हेडफोन हातात घेतला, नळकांडी बघितली आणि सरळ कटरने वायर मधोमध कापली.

"अरे! काय करतोस?" मितेश किंचाळला.

धर्मराजने कापलेलं टोक संध्यापुढे धरलं. आत तांबं नव्हतं, तार नव्हती. नुसतं भोक.

"यात वायरच नाही," संध्या म्हणाली.

"कुठनं असणार? इमानातला हाय ह्यो. जुन्या इमानातला. खुर्चीच्या हाताखाली बारका स्पीकर असतो, त्यो बोलतो आन् आवाज या नळीतनं कानापर्यंत जातो. डॉक्टरच्या नळीवानी. तुमच्या कॉम्प्युटरला नळी कुठं जोडणार, ताई?"

"पण सील पॅक होता ना!" मितेश म्हणाला.

"नळीपण सील पॅकच आली."

संध्या दुकानाच्या पायरीवर बसली. तिला हसू येत नव्हतं, रडू येत नव्हतं. फक्त वाटत होतं, की आता कोणी आपल्याला काही सुचवू नये. मितेश काहीतरी बोलणार एवढ्यात तिने त्याला म्हटलं, "तू जा घरी. मी येते बसने." तो मान खाली घालून स्कूटर ढकलत गेला. तिला वाईट वाटलं, पण थोडंसंच.

धर्मराजने तिला पाणी दिलं. "ऐकायचंय काय तुम्हाला?" त्याने विचारलं. "गाणं, का माणूस?"

संध्याने वर पाहिलं. इतक्या दिवसांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं.

"माणूस."

"कसला माणूस?"

"अमेरिकन डॉक्टर. भराभरा बोलतो. कधी सँडविच खात बोलतो. मागे भांडी वाजतात, फोन वाजतात, आणि तो पंधरा म्हणाला की पन्नास हे मला कळायला पाहिजे."

"मग मोठा आवाज काय कामाचा?" तो जवळजवळ रागावूनच म्हणाला. "आम्ही बोटीवर कानाला लावायचो ते हेडफोन बघितले असते ना, तर तुम्ही फुकटबी घेतले नसते. पण समुद्राच्या खळखळाटातनं टिचभर आवाज निवडून द्यायचे. गाण्याला कुठलाबी गोडच लागतो. त्यावरनं पारख व्हत न्हाई. माझ्याकडं चार-पाच पीस हायेत, पण कॅसेटी सगळ्या गाण्याच्या. तुम्हाला जसलं ऐकायचंय तसलं टेप करून उद्या या. मग बघू."

ऑफिसातली बोलणी बाहेर नेता येत नव्हती. तसा कागद सही करून घेतला होता. घरी आल्यावर संध्याने प्रसादच्या छोट्या टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घातली आणि त्यालाच इंग्रजी पेपर वाचायला बसवलं. तो आकाशवाणीवर बोलावणं आल्यासारखा ताठ बसला आणि एकेक शब्द असा तोलून वाचायला लागला, की बहिऱ्यालाही कळावं.

"भराभरा वाचा हो. तोंडातल्या तोंडात."

"मग ऐकू कसं येईल?"

तिने टेप बंद केला. आणि तेव्हाच तिला बाहेरून सासूचं बोलणं ऐकू आलं. गालात मिश्री, हातात उलथनं, समोर ओट्यावरच्या चुलीवर तळलं जाणारं काहीतरी. शब्द अर्धे बाहेर, अर्धे आत. चार वर्षांत संध्याला त्या बोलण्यातला निम्मा भाग कळला नव्हता आणि 'काय?' म्हणून विचारलं की सासू चिडायची. ती टेप उचलून ओट्यावर गेली.

"आई, यात काहीतरी बोला ना. कामासाठी पाहिजे."

सुमित्राबाईने यंत्राकडे बघितलं, मिश्री थुंकून आली, पदर सारखा केला. "माजं नाव सुमित्राबाई गोटीराम मडवी. मुक्काम घनसोली," ती खणखणीत आवाजात म्हणाली, आणि थांबली.

"आणखी काही."

"आनि काय? नाव सांगितला, गाव सांगितला. रेसनवाला पन येवडाच इचारतं."

आत दूध वर आल्याचा वास आला तशी संध्या धावत गेली. गॅस पुसून, पातेलं उतरवून ती पाच-सात मिनिटांनी परत आली तेव्हा टेप चालूच होता आणि सासू पाठ करून कढईत मासे उलटत होती. संध्याने कॅसेट लावून बघितली. नाव, गाव, मग तेलाचा चर्रर्र आवाज, वरच्या भाडेकरणीच्या कुकरची शिट्टी, आणि त्या सगळ्याखाली सासूची लांबच लांब पुटपुट. एक अक्षर कळेल तर शपथ. हे तिला हवं होतं तस्संच होतं.

रविवारी ती एकटीच कोपरखैरण्याला गेली. धर्मराजने कॅसेट डेकमध्ये घातली आणि एकेक हेडफोन तिच्या हातात देत गेला. पहिल्यात कुकरची शिट्टी एवढी धारदार लागली की तिने दचकून तो काढला. दुसरा वाशीच्या दुकानातल्याचा भाऊ. तेलसुद्धा त्यात गंभीर आवाजात तळलं जात होतं. तिसऱ्यात शब्द जवळ आल्यासारखे वाटले, पण पाच मिनिटांत डोक्याच्या दोन्ही बाजू ठणकायला लागल्या आणि तिला तर आठ तास बसायचं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"नाही तर नाही." धर्मराजला कंटाळा आला होता, की बरं वाटत होतं, ते कळत नव्हतं. त्याने वरच्या फळीवरून एक जुनाट दिसणारा हेडफोन काढला. करडा रंग. डोक्यावर पातळ पत्र्याची पट्टी, कानांना साध्या स्पंजच्या दोन चकत्या. दिसायला अगदीच गरीब. कानावर बसला तर बसल्यासारखा वाटेना. कुड्यांनाही लागेना.

तिने टेप मागे नेला आणि सुरू केला. नाव. गाव. रेशनवाला. मग तेल, पण ते आता लांब, बाजूला कुठेतरी होतं. आणि मधोमध, अगदी कानापाशी, सासू बोलत होती.

"...बोला बोलतं आनि निंगून जातं. दिसभर त्या गोऱ्यांचं ऐकतं, कान लाल करून येतं. त्यांनी खाताना बोललेला पन हिला ऐकाचा आसतं. घरान मी बोललेला कोन ऐकतं? प्रसाद्या कानाला त्या वाट्या लावून बसतं, मित्या उरनला. आनि हिला इचारला तं 'काय?', 'काय?'. दोन सबुद ऐकाला काय जातं गो..."

संध्याला आधी रागच आला. सुट्टीचा दिवस घालवून, उन्हातून एवढ्या लांब यायचं, आणि कानात काय, तर सासूचं गाऱ्हाणं! इथेसुद्धा! 'काय?' म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, तुम्ही तोंडात मिश्री धरून बोलणार तर? तिने टेप मागे नेला. पुन्हा ऐकलं. पुन्हा मागे नेला. तिसऱ्या खेपेला तिच्या लक्षात आलं, की शब्द तर पहिल्याच खेपेला कळले होते.

"येतंय का ऐकू?" धर्मराजने विचारलं.

"येतंय."

"शब्दन् शब्द?"

"शब्दन् शब्द."

"दुसरा काढू?"

"नको. हाच द्या."

त्याची पिन जाड होती, कॉम्प्युटरला बसली नसती. धर्मराजने ती कापून बारकी पिन डाखून दिली, वायर ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. "आपटू नका," तो म्हणाला. "आन् कुणाला दिऊ नका. डोकी निराळी, पट्टी ढिली हुती."

सोमवारचा दिवस सुरळीत गेला. दिवसभरात चार गोल. संध्या खुशीत जिना उतरली, तर खाली गेटवर नव्याने लागलेल्या वॉचमन बाबासोने तिची पिशवी उघडली आणि हेडफोन बाहेर काढला.

"ह्यो कंपनीचा माल. गेट पास?"

"माझा आहे. मी सकाळी आणला."

"सकाळी आणल्याची नोंद?"

"पण तुम्ही सकाळी काही विचारलंच नाही!"

"आत नेताना विचारत न्हाई. भायेर नेताना विचारतो."

ज्याच्याकडे गेट पास मिळायचा तो माणूस पाच वाजताच घरी गेला होता. हेडफोन रात्रभर केबिनमध्ये ठेवा, असं बाबासो म्हणत होता. त्या केबिनमध्ये चहाची किटली, सायकलचा पंप आणि एक कुत्रं होतं. संध्या गेटमध्येच उभी राहिली. तीन बस गेल्या. पाऊण तासाने वैजयंती मॅडम खाली आल्या, त्यांनी सगळं ऐकलं, आणि कपाळाला हात लावून एका कागदावर लिहून दिलं : सौ. मढवी यांचा स्वतःच्या मालकीचा हेडफोन, नग एक, रंग करडा. तो कागद संध्याने नंतर रोज दाखवला. बाबासो तो रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा.

तीस तारखेला तिच्याकडे त्याच सँडविचवाल्या डॉक्टरचं काम आलं. औषधाच्या आकड्याला तिने श्वास रोखून पेडल दाबलं. फिफ्टीन. शेवटचा 'न' हळू होता, पण होता. पुढे एका जागी मात्र तो काही केल्या कळेना. तिने दहा वेळा ऐकलं, मग जागा कोरी सोडली आणि मॅडमना बोलावलं. मॅडमनी तिचाच हेडफोन लावून ऐकलं.

"हा चावतोय," त्या म्हणाल्या. "हे देवालाही कळणार नाही. कोरंच ठेव."

एकतीसला शेवटच्या दिवसांच्या कामाचा आकडा आला : अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन. तिला नोकरीत कायम केल्याचं पत्र मिळालं. एप्रिलमध्ये कंपनीने एकदम चाळीस नवे हेडफोन घेतले, सगळ्यांना एकसारखे, काळे, वाडग्यांचे, मेगा बास. कोणी निवडले ते कळलं नाही. आठवड्याभरात अर्ध्या मुली संध्याकडे धर्मराजचा पत्ता मागायला लागल्या आणि तो तिला फोनवर म्हणाला, "ताई, आता पुरे. करडे संपले."

कॅसेटमधलं ऐकलेलं संध्याने घरात कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? पण एका संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ती आत न जाता ओट्यावर सासूशेजारी टेकली आणि निवडायच्या जवळ्याचं सूप पुढे ओढलं. सुमित्राबाईने तिच्याकडे संशयाने बघितलं.

"काय गो, आंग बरा नाय का?"

"बरं आहे. बसले जरा. तुम्ही बोला ना."

"काय बोलू?"

"काहीही. ऐकते मी."

"आता ऐकतं! येवडी वरसं कुटं व्हतीस?" सुमित्राबाईने मिश्रीचं बोट दातांवरून फिरवलं. मग एकदम, कुठून तरी मधूनच, तिने सुरू केलं : काशीच्या सासूने मिठागरावर सुमित्राबाईच्या आईची टोपली कशी पळवली, मग काशीचा दीर काय बोलला, मग त्याच्या बायकोने काय उत्तर दिलं, आणि मग होळीला काय झालं. त्यात तीन काश्या होत्या. एक मेलेली, एक शेजारची, एक उरणची. संध्याचे कान दिवसभराच्या कामाने आधीच शिणले होते. वरच्या भाडेकरणीने नेमका तेव्हाच कुकर लावला. दहा मिनिटांत संध्याचा धागा सुटला.

"थांबा, आई. टोपली कोणी नेली म्हणालात? काशीने की काशीच्या सासूने?"

"मदीच इचारू नको गो," सुमित्राबाई वैतागून म्हणाली. "आदी ऐक."

संध्याने तोंड मिटलं, सूप मांडीवर घेतलं आणि कान सासूच्या बाजूला केला.